अंगठा आला नाही, की यंत्र झोपलं होतं?

'अंगठा' या शब्दाचे दिवस कसे पालटले पाहा. माझ्या लहानपणी पारोळ्यात 'अंगठेबहाद्दर' म्हणजे ज्याला सही येत नाही तो. उर्दूत त्यालाच 'अंगूठा छाप' म्हणत. शब्द तुच्छतेचा होता, आणि तो आपल्या नावाला चिकटू नये म्हणून कित्येक म्हाताऱ्या माणसांनी साक्षरता वर्गात बसून सही गिरवली. आज बी.ए., एम.ए. झालेले, निवृत्त मुख्याध्यापक, दुकानदार, हज करून आलेले बुजुर्ग, सगळे रांगेत उभे राहून अंगठाच देतात. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवं वाक्य आपल्या बोलण्यात आलं: "तुमचा अंगठा येत नाही." आमच्या मोहल्ल्यात तेच, "चाचा, अंगूठा नहीं आ रहा."

मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळे वाक्याचा कर्ता शोधायची खोड आहे. या वाक्यात कर्ता कोण? अंगठा. म्हणजे कसूर अंगठ्याची, अर्थात माणसाची. "आमचं यंत्र अंगठा घेत नाही" असं कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मराठीतही नाही, उर्दूतही नाही. रांगेतला माणूस ओशाळतो, हात पँटला पुसतो, पुन्हा ठेवतो, मग "उद्या या" ऐकून घरी जातो. आपल्या बोटांत काही खोट आहे असं मनात धरून जातो.

अनेकदा खोट बोटांत नसते. यंत्र झोपलेलं असतं. वीज वाचवण्यासाठी संगणकानंच त्याला झोपवलेलं असतं, आणि ते झोपवण्याचा निर्णय पारोळ्यात नव्हे, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेला असतो. हा लेख त्या निर्णयाचा इतिहास आहे. पण आधी अंगठ्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याकडे अर्धवट सांगितला जातो.

पारोळ्याच्या किल्ल्याचा झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेला संबंध गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ही जहागीर जप्त केली, किल्ल्याची मोडतोड केली. इथल्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, हा त्या वर्षांतला सरकारी स्वभाव होता. त्याच हवेत, जुलै १८५८ मध्ये, बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या आख्ख्या हाताचा छाप घेतला. करार रस्त्याला लागणाऱ्या मालाचा होता. कोनाईनं पुढे "ही सही माझी नाही" म्हणू नये, एवढाच हेतू. हिंदुस्थानात सरकारनं हाताचा ठसा मागितला तो असा, संशयातून.

पुढची गोष्ट व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरते: "बोटांच्या ठशांचा शोध एका मुसलमानानं लावला." ती तशी खरी नाही, आणि खोट्या अभिमानानं आपलं काही भलं होत नाही. खरी गोष्ट जास्त चांगली आहे. ठसा घेणं सोपं. हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा, हा खरा प्रश्न होता. तो सुटला कोलकात्यात. बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोन हिंदी अधिकारी होते, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक गणिताचे जाणकार. दहा बोटांतल्या रेषांच्या वळणांवरून त्यांनी हिशेब बसवला आणि ठशांचे कागद ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ कप्प्यांत विभागता आले. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, जगातलं पहिलं. पद्धतीला मात्र नाव मिळालं 'हेन्री पद्धत'. हकसाहेबांना खानबहादूर किताब आणि बऱ्याच वर्षांनी ५,००० रुपये बक्षीस मिळालं, तेही त्यांनी मागणी केल्यावर. श्रेय एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, दोष एकाचा आणि बोल दुसऱ्याला: ठशांच्या इतिहासात हे पहिल्यापासून आहे.

ही पद्धत जन्मली गुन्हेगार ओळखण्यासाठी. ती सामान्य माणसाच्या रेशनपर्यंत, पेन्शनपर्यंत यायला शंभरावर वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात आपल्या खानदेशात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी वस्तीच्या गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातलं पहिलं आधार रंजना सोनवणे यांना मिळालं. नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे आधार हे आपल्या जुन्या जिल्ह्याचंच लेकरू. त्या वेळी गावोगाव फिरलेली आधारची पेटी ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल: एक लॅपटॉप, दहा बोटांचा स्कॅनर, डोळ्याच्या बुबुळांचा कॅमेरा, चेहऱ्याचा फोटो घ्यायला वेबकॅम, शेजारी प्रिंटर. हे सगळं लॅपटॉपला जोडलेलं असायचं एकाच जातीच्या वायरनं. यूएसबी.

ही वायर येण्याआधी संगणकाच्या मागच्या बाजूला भोकांची जत्रा असायची. प्रिंटरचं लांबलचक भोक वेगळं, माऊसचं वेगळं, कीबोर्डचं गोल भोक वेगळं, मॉडेमचं वेगळं. नवीन साधन जोडायचं तर संगणक बंद करा, डबा उघडून कार्ड बसवा, कोणत्या साधनाला कोणता क्रमांक द्यायचा ते ठरवा, पुन्हा चालू करा, आणि दोन साधनांचं एकमेकांत भांडण लागलं तर परत पहिल्यापासून. या जाचाला कंटाळलेल्या मंडळींत इंटेल कंपनीतले एक इंजिनिअर होते, अजय भट्ट. घरातला प्रिंटर जोडताना होणारी फरपट पाहून ही कल्पना पक्की झाली, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे.

भट्ट बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले. आणि ज्यांच्या नावानं हे विद्यापीठ आहे ते सयाजीराव जन्मले मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला, १८६३ मध्ये. शेतकऱ्याचं पोर, १८७५ ला दत्तक जाऊन बडोद्याचे राजे झाले. कवळाणं आमच्या उंबऱ्यावरचंच गाव. यावरून यूएसबी खानदेशी आहे असा दावा मी करणार नाही (व्हॉट्सअॅपवाल्यांनी करावा), पण शिक्षणावर केलेला खर्च कुठे जाऊन उगवतो याचा हा एक नमुना नक्की आहे.

१९९४ मध्ये सात कंपन्या एकत्र आल्या: कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला नियमग्रंथ निघाला. सुरुवात काही थाटात झाली नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर उभे असताना त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ वाल्या संगणकाला यूएसबी स्कॅनर जोडला आणि पडद्यावर ती प्रसिद्ध निळी पाटी आली. सभागृह हसलं, गेट्सही हसले. त्याच वर्षी ॲपलनं आयमॅक संगणक काढला आणि जुनी भोकं काढून टाकून यूएसबी ठेवलं, तेव्हा बाजारानं ही वायर मनावर घेतली. इंटेलनं यूएसबीवर स्वामित्वाचे पैसे घेतले नाहीत. म्हणूनच ती वायर स्वस्त झाली आणि झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोहोचली. २०१३ मध्ये भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपचा संशोधक पुरस्कार मिळाला.

आता हे साधन 'ओळखलं जाणं' म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा सगळा घोळ तिथे आहे. मी वर्गात सांगतो तसं सांगतो. यूएसबी म्हणजे हजेरीचा वर्ग. संगणक हा मास्तर. साधन जोडलं की मास्तर विचारतो, तू कोण, कोणत्या घराण्याचा, काय काम करतोस? साधन आपला कंपनी क्रमांक, आपला वस्तू क्रमांक सांगतं. मग मास्तर त्याला हजेरी क्रमांक देतो. एका वर्गात १२७ पर्यंत क्रमांक असू शकतात. त्यानंतर बोलायचं ते मास्तरनं विचारल्यावरच. यूएसबीत साधन आपणहून बोलत नाही. आणि पोटापाण्याचंही त्याच वायरीतून: ओळख पटेपर्यंत १०० मिलिअॅम्पिअर, ओळख पटल्यावर ५०० पर्यंत, ५ व्होल्टवर. वेगळा अडॅप्टर नको, वेगळा प्लग नको. अंगठ्याचा स्कॅनर याच जेवणावर जगतो.

हे जेवण कमी करायचं कुणाच्या मनात आलं? १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 'एनर्जी स्टार' ही योजना काढली. ऑफिसांतले संगणक रात्रंदिवस चालू राहतात, कुणी वापरत नसताना त्यांनी कमी वीज खावी, असा सरळ विचार. १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी हुकूम काढला की केंद्र सरकारनं असेच संगणक विकत घ्यावेत. एवढं मोठं गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर सगळ्या कंपन्या झोपेच्या मागे लागल्या. त्यात लॅपटॉप आले. लॅपटॉपला बॅटरी, आणि बॅटरी किती तास टिकते यावर त्याची विक्री. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं संगणक झोपवण्याची एक पद्धत आणली होती. डिसेंबर १९९६ मध्ये या दोघांनी तोशिबासोबत दुसरी आणली, तिचं नाव एसीपीआय. पहिल्या पद्धतीत झोपवण्याचा अधिकार मदरबोर्डवरच्या पक्क्या प्रोग्रामकडे होता. नव्या पद्धतीत तो विंडोजसारख्या प्रणालीकडे आला. म्हणजे कुणाला कधी झोपवायचं हे आता विंडोज ठरवू लागली.

यूएसबीच्या नियमग्रंथात झोप पहिल्यापासून होती. वायरीवर ३ मिलिसेकंद शांतता राहिली की साधनानं झोपायला जायचं आणि आपलं खाणं नाममात्र करायचं. जुन्या नियमात साध्या साधनाला झोपेत अवघे ५०० मायक्रोअॅम्पिअर, जागेपणीच्या ५०० मिलिअॅम्पिअरचा हजारावा भाग. पण त्या काळी बहुधा सगळा वर्ग एकदम झोपायचा, संगणक झोपला की. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि तिच्यासोबत 'सिलेक्टिव्ह सस्पेंड': बाकी वर्ग जागा असताना एकट्या विद्यार्थ्याला झोपवायचं. कीबोर्ड चालू आहे, पडदा चालू आहे, पण स्कॅनर बराच वेळ कुणी वापरला नाही, तर त्याला झोपवा. हिशेब अगदी रास्त आहे. ज्या बाईचा लॅपटॉप न्यूयॉर्कच्या विमानतळावर बॅटरीवर चालू आहे तिला यातून थोडा जास्त वेळ मिळतो.

अडचण झोपण्यात नाही, उठण्यात आहे. मास्तरनं हाक दिली की साधनानं चटकन जागं होऊन "हाजिर जनाब" म्हणायचं असतं. हाक निदान २० मिलिसेकंद चालू ठेवायची, मग साधनाला सावरायला आणखी १० द्यायचे, असं नियमात लिहिलेलं आहे. चांगली साधनं उठतात. स्वस्तातली, घाईत बनवलेली, किंवा जुन्या ड्रायव्हरवर चालणारी साधनं कधी उठतच नाहीत, कधी आपण कोण होतो ते विसरून उठतात. मग विंडोज खालच्या कोपऱ्यात पाटी दाखवते की हे साधन ओळखता आलं नाही. कधी पाटीही दाखवत नाही. विद्यार्थी मागच्या बाकावर बसलेला आहे, पण हजेरीत गैरहजर.

ही गोष्ट जाणकारांना ठाऊक नव्हती असं नाही. लिनक्स ही मोफत प्रणाली बनवणाऱ्यांनी हीच सोय आपल्याकडे आणली, तेव्हा अनेक साधनांना झोपेतून उठणं जमत नाही हे पाहून त्यांनी मूळ मांडणीत ती फक्त हबपुरती चालू ठेवली, बाकीच्यांसाठी बंद. ज्याला हवी त्यानं चालू करावी. विंडोजमध्ये उलट: सोय मूळ मांडणीतच चालू, ज्याला नको त्यानं बंद करावी. पण बंद करायला ती आहे हे माहीत तर पाहिजे. मला विचाराल तर लिनक्सवाल्यांचा निर्णय शहाणपणाचा होता. बॅटरीची दहा मिनिटं वाचवण्यापेक्षा माणसाची एक खेप वाचलेली बरी.

विजेच्या बचतीवर आपण खानदेशातल्यांनी काय बोलावं! भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, आणि भारनियमनही आपल्याच नशिबी. आमच्या पिढीनं मुलांना मेणबत्तीवर दहावीची तयारी करताना पाहिलं आहे. तेव्हा बचत ही सक्ती होती, वेळापत्रक लावून केलेली. ही दुसरी बचत मात्र कुणाला न विचारता, न सांगता होते, आणि ती करून किती वीज वाचते तर एका छोट्या स्कॅनरची. या दोन्ही बचती एकमेकींना येऊन मिळतात ती जागा म्हणजे गावातला सेतू. लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, विंडोज जास्त कंजूष होते, आणि त्याच वेळी रांग वाढलेली असते.

नोव्हेंबर महिना घ्या. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्रानं 'जीवन प्रमाण' योजना आणली. अंगठा द्या आणि जिवंत असल्याचा पुरावा घरबसल्या पाठवा. चांगली योजना, आजारी माणसाला बँकेत नेण्याची वेळ तिनं टाळली. आम्हाला शिकवलेले एक निवृत्त सर, वय पंचाहत्तरच्या पुढे, दोन दिवस एका केंद्रावर जाऊन परत आले होते. दोन्ही दिवशी उत्तर तेच. पहिल्या दिवशी "हात धुऊन या", दुसऱ्या दिवशी "थोडं खोबरेल लावून बघा". तीसेक वर्षं खडू धरल्यानं रेषा गेल्या असतील, अशी त्यांनी स्वतःच स्वतःची समजूत घातली होती. तिसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. सरांनी अंगठा ठेवला तेव्हा माझं लक्ष स्कॅनरच्या काचेकडे होतं. काचेत उजेडच नव्हता. पोराला म्हटलं, बेटा, ही पिन काढून परत लाव. त्यानं लावली, टुण्ण वाजलं, काच उजळली, आणि सरांचा अंगठा पहिल्या खेपेला गेला. सर पडद्याकडे पाहत म्हणाले, "यानी हम हयात हैं." पोरगं हसलं, मीही हसलो. मागे एक बाई दोन तासांपासून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

त्या पोराची कसूर नव्हती. दिवसाला शंभर कामं, वर मालक, पुढे रांग. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि ज्ञानाची जागा रिकामी राहिली की ती टोटक्यांनी भरते. आमच्या भागात अंगठ्यावर किती इलाज निघालेत! लिंबू चोळा, व्हॅसलीन लावा, केसांवरून बोट फिरवा, मेंदी काढून या, चुन्याचा हात धुवा, सकाळी लवकर या म्हणजे बोट ताजं असतं. यातले काही इलाज कोरड्या बोटांना खरोखर लागू पडतात. आणि सकाळी लवकर आलेल्याचं काम का होतं, तर संगणक नुकताच चालू झालेला असतो आणि स्कॅनरला झोपायला अजून वेळ मिळालेला नसतो. गुण बोटाच्या ताजेपणाचा नसतो.

झिजलेली बोटं खोटी आहेत, असं मी म्हणत नाही. मालेगाव-धुळ्याच्या यंत्रमागांवर सूत हाताळणारे, गवंडी, विटभट्टीवरचे, वर्षानुवर्षं धुणीभांडी करणाऱ्या बाया, यांच्या बोटांच्या रेषा खरंच पुसट होतात आणि त्यांचा अंगठा जुळत नाही. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात: अंगठा जुळला नाही, आणि अंगठा घेतलाच गेला नाही. आश्चर्य हे की यंत्राला हा फरक पक्का माहीत आहे. २०१७ पासून आधारसाठी फक्त नोंदणीकृत स्कॅनर चालतात आणि त्यांच्यासोबत लॅपटॉपवर 'आरडी सर्व्हिस' नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. स्कॅनर जागा असला की तो 'रेडी' म्हणतो, नसला की 'नॉट रेडी'. ठसा दिल्लीच्या नोंदीशी जुळला नाही तर उत्तर येतं क्रमांक ३००. साधनच तयार नसेल तर ७२०. ठरलेल्या वेळेत ठसा मिळाला नाही तर ७००. ३०० हा आकडा बोटाबद्दल बोलतो. ७२० मध्ये बोटाचा संबंधच नाही. माणसाऐवजी शहेनशाह येऊन बसला असता तरी ७२० च आलं असतं. पण खिडकीतून बाहेर येताना या तिन्ही आकड्यांचं भाषांतर एकच होतं: अंगठा येत नाही.

मला हे भाषांतर खटकतं. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत आधार पडताळणी अपयशी ठरण्याचे अंदाज दिले होते: झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७, गुजरातेत ६, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात ५. एवढी तफावत बोटांमुळे असेल का? राजस्थानातल्या मजुराची बोटं गुजरातेतल्या मजुराहून सहापट झिजलेली असतात का? यात नेट असणार, यंत्रं असणार, त्यांची देखभाल असणार. पण एका टक्केवारीत सगळं कोंबलं की गरिबाच्या बोटाचाच दोष ठळक दिसतो.

शाळांनाही याची झळ लागली. २०२२ मध्ये केंद्रानं अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती थांबवली, नववी-दहावीची ठेवली. २०२३ मध्ये घोटाळा उघडकीला आला. तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद निघाल्या. मग खऱ्या-खोट्या सगळ्यांनाच अंगठा द्यायला लावलं: मुख्याध्यापक, शिष्यवृत्तीचं काम पाहणारे शिक्षक, विद्यार्थी. चोरी पकडायला हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेतमजुराच्या घरातली नववीतली मुलगी बापाची एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येते, आणि झोपलेल्या स्कॅनरमुळे परत जाते, तेव्हा तिच्या लेखी ती पडताळणीत नापास झालेली असते.

आता उपाय. तो मी चार-पाच ठिकाणी करून दिला आहे आणि पाच मिनिटांच्या वर वेळ लागत नाही. आधी निदान. स्कॅनर बराच वेळ रिकामा राहिल्यावरच अडतो, आणि पिन काढून लावली की चालतो, तर तो झोपेचाच आजार. कायमच चालत नसेल तर वायर, भोक किंवा ड्रायव्हर पाहा. स्कॅनर आणि प्रिंटर दोन्ही एकाच स्वस्त हबला लावलेले असतील, तर आधी स्कॅनर थेट लॅपटॉपला लावा. हबला वेगळी वीज नसेल तर एका भोकाचं जेवण सगळ्यांत वाटलं जातं.

निदान पक्कं झालं की कंट्रोल पॅनेलमधून पॉवर ऑप्शन्स उघडायचं. तिथे चालू प्लॅनच्या पुढे 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', त्यात 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'. एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात 'यूएसबी सेटिंग्ज', आणि तिच्या पोटात 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सेटिंग'. तिथे दोन ओळी असतात: 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. दोन्ही 'डिसेबल्ड' करायच्या. लाईट असताना सेटिंग करणारे बहुतेक जण खालचीच ओळ बदलतात, आणि लाईट गेली की आजार परत येतो.

दुसरी जागा डिव्हाइस मॅनेजर. 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' या शीर्षकाखाली 'यूएसबी रूट हब' दिसतात, एक किंवा अनेक. प्रत्येकावर डबल क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर जायचं आणि वीज वाचवण्यासाठी हे साधन बंद करायची परवानगी देणाऱ्या चौकोनातली टिक काढायची. स्कॅनरच्या स्वतःच्या नावाखाली तसंच पान असेल तर तिथलीही काढायची. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान दिसत नाही, तिथे वरच्या उपायावर भागवावं लागतं. मग लॅपटॉप रिस्टार्ट करायचा. शट डाऊन करून चालू करणं वेगळं: २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे, तिच्यात बंद केलेला संगणक खऱ्या अर्थानं पूर्ण बंद होत नाही, गाभा तसाच साठवून ठेवतो. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

त्या केंद्रावर सरांचं काम झाल्यावर मी एवढंच केलं आणि मागच्या बाईंचा अंगठा होईपर्यंत थांबलो. त्यांचा आकडा ३०० आला. भांडीधुणी करणाऱ्या होत्या. त्यांना बुबुळाच्या यंत्राची वाट दाखवली, ते यंत्र तिथे नव्हतं, दुसऱ्या केंद्रावर होतं. पोरानं कागदाच्या चिठोऱ्यावर त्या केंद्राचा पत्ता आणि ३०० लिहून दिलं. आता त्या पोराच्या टेबलावर एक पुठ्ठा चिकटवलेला असतो, मराठीत आणि उर्दूत: ३०० म्हणजे बोट, ७२० म्हणजे यंत्र. उर्दू अक्षर माझंच आहे, म्हणून जरा वाकडं आहे.

विंडोजचं मोठं अपडेट आलं, किंवा पॉवर प्लॅन बदलला गेला, की ती सेटिंग काही वेळा मूळ जागी जाते. म्हणून ऑक्टोबर संपताना केंद्रावर जाऊन दोन्ही ओळी एकदा पाहून घ्याव्यात.